आत्यांची नागीण आणि माझे तीन दिवस

घासाघीस हा माझा स्वभाव आहे आणि माझं घर त्यावरच उभं आहे. भूम तालुक्यातल्या आमच्या गावात खव्याच्या भट्ट्या पुष्कळ. मी दोन म्हशी आणि एका कढईवर सुरुवात केली, तेव्हा मालक, म्हणजे माझा नवरा, दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर होता. आज आमच्या तीन भट्ट्या आहेत, टेम्पो आमचा आहे, आणि सोलापूर-हैदराबादचे व्यापारी भाव ठरवायला मालकांना फोन करत नाहीत, मला करतात. मला राग लवकर येतो, हेही त्यांना माहीत आहे. त्यामुळे ते आधी तब्येत विचारतात.

सासूला मी आत्या म्हणते. आमच्याकडं तशीच पद्धत आहे. या धंद्यात त्यांनी एक पैसा घातला नाही, पण त्यांचा हात घातला. खवा उतरायला आला की नाही, हे मला आजही घड्याळावरून आणि रंगावरून ठरवावं लागतं. आत्या चिमूटभर घ्यायच्या, अंगठ्यानं बोटावर चोळायच्या, आणि बोटाला तूप सुटलं की नुसती मान हलवायच्या. ती मान हलली की कढई खाली. वीस-बावीस वर्षांत त्यांची मान चुकीची हलल्याचं मला आठवत नाही.

याच गोष्टीवरून माझा त्यांच्यावर राग होता. भट्टी नवी असतानाची गोष्ट. सोलापूरचा एक मोठा व्यापारी पहिल्यांदा दारात आला होता. मी तासभर बोलून त्याला माझ्या भावावर आणला होता; तो हो म्हणायच्या बेतात असताना त्यानं ओसरीवर बसलेल्या आत्यांना सहज विचारलं, "काय आजी, माल कसा हाय?" आत्यांनी चिमूट घेतली, चोळली आणि म्हणाल्या, "आजचा कच्चा हाय." व्यापारी हसत उठला आणि गेला. मी त्या दिवशी घरात भांडी आपटली, दोन दिवस जेवले नाही. आत्या एवढंच म्हणाल्या, "कच्चा व्हता, म्हणलं कच्चा." घरच्या माणसानं परक्यासमोर आपल्याला पाडलं, हे मी वीस वर्षं विसरले नव्हते. मनातल्या मनात त्यांना उत्तरं देत होते. वीस वर्षांत फार चांगली उत्तरं तयार झाली होती.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आठ दिवस उरले असताना आत्यांच्या कमरेला आग व्हायला लागली. दोन दिवसांनी, गुरुवारी, त्यांना आंघोळ घालताना बघितलं तर डाव्या कुशीवर पुरळाचा पट्टा, पाण्यानं भरलेले बारीक फोड, पाठीकडून पोटाकडं निघालेले. नागीण. आमच्याकडं ही सांगायला डॉक्टर लागत नाही. नागिणीचं तोंड आणि शेपूट कमरेभोवती जुळलं की माणूस राहत नाही, असं लहानपणापासून ऐकलेलं. आत्यांनी खाली बघितलं आणि विचारलं, "कुठवर आलीया?"

"अर्ध्यावर बी न्हाय आत्या. गप ऱ्हावा."

गल्लीतल्या आशाताई, गावात सरकारी दवाखान्याचं काम बघणाऱ्या, त्याच दिवशी दुसऱ्या कामानं आल्या होत्या. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "काकू, आजच दवाखान्यात न्या. याच्या गोळ्या लवकर सुरू झाल्या तरच लागू पडत्यात. दोन-तीन दिवसांच्या आत."

तिन्ही कढया चढलेल्या होत्या. दिवाळीचा माल म्हणजे आमचं अर्धं वर्ष. मी म्हटलं, "रविवारी नेते."

"काकू, रविवार लांब हाय."

"तीनच दिवस तर हायेत."

आशाताईंशीही मी घासाघीस केली, हे मला तेव्हा कळलं नाही. शुक्रवारी माल भरला, शनिवारी भरला. आत्या आतल्या खोलीत कुशीवर पडून होत्या. लुगड्याचा काठ पुरळाला लागू नये म्हणून हातानं वर धरून ठेवत होत्या. एकदाही हाक मारली नाही. कामाच्या दिवसांत हाक मारायची नाही, हा त्यांचाच नियम होता.

रविवार उजाडला तो दवाखान्याचा नव्हता. येरमाळ्याच्या पुढं एका खेड्यात नागिणीला गेरू लावणारे एक म्हातारे आहेत, त्यांचा वार रविवार. सगळं गाव तिथं जातं, आम्हीही गेलो. त्यांनी कसला तरी पाला वाटून गेरूत कालवला, पट्ट्याच्या दोन्ही टोकांना आडव्या रेघा ओढल्या, म्हणजे वाट अडली. मग पथ्य सांगितलं. सात रविवार यायचं. तोवर घरात फोडणी द्यायची नाही, काही तळायचं नाही. रोग्यानं आळणी खायचं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे रोग्यानं बोलायचं नाही, रोग्याला कुणी काही विचारायचं नाही. "इचारलं की ती फिरती," म्हातारे म्हणाले.

"सात लई झाले बाबा. तीन करा."

"बाई, ही काय म्हैस हाय का?"

"वय झालंय त्यांचं. सात रविवार टेम्पोत बसवत न्हाय त्यांना. चार करा."

शेवटी पाचावर आले. परत येताना मला समाधान वाटलं होतं. आत्यांचे दोन आठवडे वाचवले असं मी मालकांना म्हटलंसुद्धा.

आत्यांनी पथ्य अक्षरशः पाळलं. आळणी भात, आळणी वरण, तोंडातून शब्द नाही. पाणी हवं तर तांब्याकडं बोट. मी खरं सांगते, पहिले दोन आठवडे मला बरंच वाटलं. भट्टीवर कुणी टोकत नव्हतं. जाळ जास्त झाला, हात थांबला, गडी झोपला, यातलं काही ऐकू येत नव्हतं. पुरळ सुकत चाललं होतं, तोंड-शेपूट लांबच राहिलं होतं. घरातला प्रत्येक माणूस रोज सकाळी कमरेचा पट्टा बघायचा. तोंडाकडं कुणी बघत नव्हतं.

बघितलं असतं तर दिसलं असतं. एकदा त्यांनी गेरूची वाटी चहाच्या कपांच्या रांगेत मांडून ठेवली. एकदा दुपारी चपला घालून, पिशवी मांडीवर घेऊन दाराशी बसल्या होत्या, जशी एसटी यायची आहे. वाळलेलं एकच धडपं चार वेळा उलगडलं आणि चार वेळा त्याची घडी घातली. मी म्हटलं, रुसल्या आहेत. दिवाळीत घरात करंजी तळली नाही, त्याचा राग असेल. विचारायची तर बंदी होती.

पाचव्या रविवारी म्हाताऱ्यांनी पट्टा पुसला आणि सुटलात म्हणून सांगितलं. घरी येऊन मी आत्यांच्या पुढं मिठाचा भात ठेवला, समोर बसले आणि म्हटलं, "बोला आत्या आता. काय काय शिव्या साठवल्याती त्या द्या."

आत्या माझ्याकडं बराच वेळ बघत राहिल्या. ओळखीच्या बाईकडं बघावं तसं, मायेनंच. मग म्हणाल्या, "तू कुणाच्यात दिलेली गं?"

मला हसू आलं. मला वाटलं, महिन्यानं पहिला शब्द बोलायचा तर चेष्टेनंच सुरुवात केली. मी म्हटलं, "तुमच्याच पोराला दिलीया, अजून पस्तावती." त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "पोरं किती तुला?"

मी ताट बाजूला सरकवलं आणि मालकांना हाक मारली.

दुसऱ्या दिवशी धाराशिवला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, आवाज न चढवता बोलणारा. त्यानं रक्त काढलं, डोक्याचा फोटो काढला, आत्यांना वार विचारला, गाव विचारलं, वीसपासून उलटं मोजायला सांगितलं. मग मला समजावलं. लहानपणी ज्या कांजिण्या येतात त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. नसांच्या मुळाशी झोपून राहतो. म्हातारपणी अंगातली ताकद कमी झाली की उठतो, तीच नागीण. पुरळ ही वरून दिसणारी गोष्ट. काही म्हाताऱ्या माणसांच्यात त्यानंतर डोक्यालाही त्रास होतो, स्मरण आधीच थोडं उतरणीला लागलेलं असेल तर घसरण वाढते. "नागिणीमुळंच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही," तो म्हणाला. "पण एक गोष्ट नक्की आहे. यांच्या रक्तातलं मीठ फार खाली गेलंय. महिनाभर आळणी का खाऊ घातलंत? तेवढा गोंधळ आपण भरून काढू. बाकीचं किती परत येईल ते बघावं लागेल." नागिणीवर लस असते हेही मला त्याच दिवशी कळलं.

मग त्यानं सरळ विचारलं, "पुरळ आल्यावर तीन दिवसांत का आणलं नाहीत? कुणी सांगितलं नव्हतं?"

मी म्हटलं, "आत्याच न्हाय म्हणल्या. दवाखान्यात यायचं न्हाय, गेरूवाल्याकडंच न्या म्हणल्या."

डॉक्टर आत्यांकडं वळला. "व्हय का आजी?"

आत्या त्या दिवसांत कशालाही व्हय म्हणत होत्या. त्या म्हणाल्या, "व्हय."

मालक दाराशी उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि टेम्पोची किल्ली हातातल्या हातात फिरवत राहिले. संध्याकाळी पुण्याच्या भावजींना, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांना, फोन करून मी हेच सांगितलं. आई ऐकतच नव्हती. आता ती वाक्यं माझ्या तोंडात बसली होती.

आठ दिवसांत सलाईननं बराच फरक पडला. आत्यांना मी ओळखू यायला लागले, गाव आलं, म्हशी आल्या. वार आले नाहीत. ताजं काही टिकेना; सकाळचा चहा प्यालेला दहा मिनिटांनी विसरायच्या. घरी सोडताना डॉक्टर म्हणाला, "यांच्याशी बोलत राहा. गप्प ठेवू नका. हाताला सवयीचं काम द्या, फक्त आगीपासून लांब."

बोलत राहा म्हणजे काय बोलायचं? गोड बोलले की आत्या पेंगायच्या. भजन लावलं की उठून जायच्या. एक दिवस दूध उतू गेलं आणि मी गड्यावर ओरडले, तर ओसरीवरून आवाज आला, "जाळ कमी करायचा कुणी, तुझ्या बापानं?" मी वळून बघितलं. डोळे लख्ख. मग मला युक्ती कळली. आत्यांना भांडण लागत होतं.

तेव्हापासून मी रोज भांडते. सकाळी खव्याचा गोळा त्यांच्या हातात देते आणि सुरू करते. सुनेला कधी चांगलं म्हणलात का, थोरलीलाच झुकतं माप देता, असलं काहीबाही. त्याही उत्तरं देतात. कधी जुन्याच कुणाला तरी देतात, त्यांच्या नणंदेला वगैरे, पण देतात. वीस वर्षं साठवलेलं सगळं मी बाहेर काढलं. एक दिवस तीही गोष्ट काढली.

"आत्या, माझ्या मालाला यापाऱ्यापुढं कच्चा म्हणलात ते आठवतंय का?"

"कच्चा आसंल."

दुसऱ्या दिवशी परत विचारलं.

"म्या? म्या न्हाय बाई तसं म्हणायची."

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी सगळी गोष्ट रंगवून सांगितली, फक्त आत्यांचं नाव घेतलं नाही. घरातल्याच एका बाईनं परक्या माणसापुढं मला खाली बघायला लावलं, म्हटलं. आत्या ऐकत होत्या. हातातला गोळा त्यांनी खाली ठेवला आणि लुगडं सावरत उठायला लागल्या. "कुठली भवानी ती? चल, दाव मला. तिच्या दारात जाऊन इचारते." मी त्यांना हाताला धरून खाली बसवलं. माझ्या बाजूनं कुणीतरी इतकं चिडावं अशी माझी वीस वर्षांची इच्छा होती, आणि ती पुरी केली ती त्यांनीच. त्यानंतर त्या रागात मला चव राहिली नाही. तरी भांडायला उपयोगी पडतो म्हणून मधूनमधून काढते.

चैत्रात येडेश्वरीच्या यात्रेला भावजी आले. दर वर्षी येतात, देवीला जातात, दोन दिवस राहून परततात. त्या वर्षी आल्या आल्या म्हणाले, "आईला घेऊन जातोय."

मला वाटलं आठवडाभरासाठी.

"कायमची. तिकडं फ्लॅट हाय, बाई ठेवतो, दवाखाना खाली हाय." ते वाईट माणूस नाहीत. आईच्या पायाशी बसून त्यांनी तिची नखं कापली होती सकाळी. "तू करतीस, मला दिसतंय. पण आई तुझं ऐकत न्हाय. तूच म्हणलीस. दवाखान्याला न्हाय म्हणली आणि तू गप बसलीस. उद्या परत कायतरी झालं आणि परत न्हाय म्हणली तर? माझ्यापुढं तिचं चालणार न्हाय. उचलून नेईन."

"तिकडं भट्टी न्हाय," मी म्हटलं. "सकाळी उठून काय करतील?"

"टीव्ही बघंल."

"तुमच्याकडं सहा म्हैने, माझ्याकडं सहा म्हैने."

"न्हाय."

"मग पावसाळ्यानंतर न्या. तोवर जरा बऱ्या होतील."

"धाकटे, ही काय मालाची बोली हाय का?"

आत्या मधेच बसल्या होत्या, कधी त्यांच्याकडं, कधी माझ्याकडं बघत. भावजींनी बॅग उघडून आईची लुगडी भरायला घेतली. आत्यांनी विचारलं, "कोण निघालंय?" मग त्या स्वतःच उठल्या, आणि भावजींनी आत ठेवलेलं लुगडं काढून, उलगडून, परत दोरीवर टाकून आल्या. भावजींनी ते परत आणलं. त्यांनी परत टाकलं.

माझ्याजवळ वाद घालायला पुष्कळ होतं. आठ दिवस दवाखान्यात कोण होतं, दिवाळीला कोण आलं नाही, सगळं जिभेवर होतं. पण भावजी जे कारण सांगत होते ते मीच त्यांच्या हातात दिलेलं होतं. ते खोटं तसंच ठेवून आत्या माझ्याकडं राहणार नव्हत्या, आणि ते काढलं तर त्यांना माझ्याकडं ठेवायला कोण धजणार, हेही कळत होतं. मालक उंबऱ्यात होते. या वेळी ते माझ्याकडं बघतसुद्धा नव्हते.

मी म्हटलं, "भावजी, आत्या न्हाय म्हणल्या न्हाईत."

"काय?"

"दवाखान्याला. त्यांना कुणी इचारलंच न्हाय. आशाताईंनी आजच न्या म्हणून सांगितलं व्हतं. माल व्हता दिवाळीचा. म्या तीन दिवस ठेवलं. आणि मग बी दवाखान्यात नेलं न्हाय. डाक्तरला खोटं बोलले, तुमाला बी."

भावजींनी हातातलं लुगडं खाली ठेवलं. मग उठून बाहेर गेले. मी त्यांच्या मागं गेले नाही. ते गोठ्यापाशी उभे होते, मालक त्यांच्याजवळ गेले, दोघं भाऊ तिथंच थांबले. मी भांडी घासायला घेतली. काही आपटलं नाही.

परत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. म्हणाले, "तुझ्यावर माझा इस्वास न्हाय आता."

"व्हय."

"पण तू सांगितलंस. ते मला सांगणारं इथं कुणीच नव्हतं." ते भावाकडं बघून बोलले. मालकांनी मान खाली घातली. "ऱ्हाऊ दे आईला. तिला भट्टी लागती, ते दिसतंय. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी येणार. दवाखान्यात मी नेणार. तू संगं यायचं, पण मी बोलणार. आणि पहिल्या खेपेला हे सगळं तू डाक्तरला सांगायचं. तुझ्या तोंडानं."

दर महिन्याला पुण्याहून येणं जमणार नाही, हे मला माहीत होतं. दोन महिन्यांनी या, असं म्हणता आलं असतं. डॉक्टरला तुम्हीच सांगा, असंही म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "बरं."

भावजी थांबून बघत राहिले. मी पुढं काहीतरी बोलेन म्हणून.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी डॉक्टरच्या टेबलासमोर आम्ही तिघं बसलो, आत्या मधे. मी सांगितलं. तीन दिवस, माल, गेरू, सगळं. सांगायला दोन मिनिटं लागली. डॉक्टरनं कागदावर काहीतरी लिहिलं. म्हणाला, "पहिल्या तीन दिवसांत आला असता तर आज यांना सगळं आठवलं असतं, असं मी म्हणणार नाही. आठवलं नसतं, असंही म्हणणार नाही." मला वाटलं होतं तो दोन्हीपैकी एक काहीतरी म्हणेल. मग त्यानं आत्यांना विचारलं, "काय आजी, सून म्हणते ते बरोबर आहे का?"

आत्यांनी माझ्याकडं बघितलं. माझं नाव त्या दिवशी त्यांना आठवत होतं की नाही, मला सांगता येत नाही.

"बरोबरच आसंल," त्या म्हणाल्या. "खोटं बोलायची न्हाय ती. तापट हाय, तेवढंच."

भावजी खिडकीकडं बघत होते. डॉक्टरनं गोळ्यांची चिठ्ठी माझ्याकडं सरकवली, मी ती भावजींकडं दिली. ते ती वाचत राहिले, आणि आत्या उठून दाराकडं निघाल्या, कारण दूध यायची वेळ झाली होती आणि कढई अजून चढलेली नव्हती.